एसीएल: ग्राफ्ट कुठला, टनेल कसा, बटन का स्क्रू, हे सर्जन ठरवतात कशावर?

पेठेतला_कोच
कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की पेठापेठांत एमआरआयचे लिफाफे फिरायला लागतात. एकाच तालमीच्या तीन खेळाडूंची डिस्चार्ज कार्डं समोर आहेत. एकाला हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीमागच्या स्नायूचा ग्राफ्ट (तुटलेल्याच्या जागी बसवायचा टेंडन) आणि वर तो अडकवायला बटन. दुसऱ्याला वाटीखालचा पटेलर टेंडन, दोन्हीकडे टायटॅनियमचे स्क्रू. तिसऱ्याच्या तर घोट्यामागून पेरोनियस नावाचा टेंडन काढलाय. तिघांच्याही रिपोर्टवर ओळ एकच, 'एसीएल कम्प्लिट टेअर', म्हणजे गुडघ्याच्या मधलं लिगामेंट पूर्ण तुटलंय. आता कट्ट्यावर भांडण लागलंय की भारी ऑपरेशन कुणाचं.

हे ठरतं कशावर? सर्जनचा हात ज्यात बसलाय त्यावर, का समोरच्याचा गुडघा बघून? इथं ऑर्थोवाले, फिजिओ, ओटीतली मंडळी सगळी आहेत. "डॉक्टरांना विचारा" एवढं सोडून काहीही लिहा.

ओटी_नंबर_दोन
दोन्हीवर. आणि थोडं त्या दिवशी कपाटात कुठला सेट निर्जंतुक होऊन तयार आहे त्यावरही. पण ते कुणी लिहीत नाही.

सांधेजोड
कोच, रिपोर्टवरची ती ओळ म्हणजे फक्त सुरुवात. टेबलावर घेण्याआधी जे बघितलं जातं त्यातलं निम्मं एमआरआयवर नसतंच. वय काय, खेळ कुठला, पाय रोवून अंग फिरवायचं काम किती, गुडघा सरळ केल्यावर उलटा मागे किती जातो, आतल्या बाजूचं लिगामेंट (एमसीएल) शाबूत आहे का, सांध्यातली गादी (मेनिस्कस) कुठे फाटलीय, हाडांच्या टोकाच्या वाढीच्या रेषा उघड्या आहेत का, आणि माणूस पोटासाठी काय करतो.

ताकदीवर निवड होते हा मोठा गैरसमज आहे. प्रयोगशाळेत तरुण माणसाचं मूळ एसीएल साधारण २,१६० न्यूटनला तुटतं. पटेलर टेंडनची १० मिमीची पट्टी २,९०० च्या आसपास जाते, हॅमस्ट्रिंगचे चार पदर ४,००० च्या. म्हणजे हे ग्राफ्ट मुळापेक्षा दणकट. पहिले काही आठवडे कच्ची असते ती हाडातली पकड. पटेलर टेंडनच्या दोन्ही टोकांना हाडाचे ठोकळे असतात, हाडाला हाड ६ ते ८ आठवड्यांत धरतं. हॅमस्ट्रिंग म्हणजे नुसती दोरी, ती हाडाच्या बोगद्यात धरायला ८ ते १२ आठवडे. पुढे ग्राफ्ट आतून आधी मरतो, मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात. दुखणं कमी होऊन पोरगं पळायची घाई करतं नेमकं तेव्हाच, दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान, ग्राफ्ट सगळ्यात कमजोर असतो.

पटेलर टेंडनची किंमत मोजावी लागते ती पुढच्या बाजूला. वाटीच्या खालून आणि नडगीच्या उंचवट्यावरून प्रत्येकी १० मिमी रुंद, २० ते २५ मिमी लांब ठोकळा काढतात. नंतर गुडघे टेकले की टोचतं, वाटीखालची कातडी थोडी बधिर राहते, क्वचित वाटीला चीर जाते. हॅमस्ट्रिंगची किंमत मागच्या बाजूला: टाच पार ढुंगणाकडे नेताना लागणारी ताकद थोडी घटते. स्कँडिनेव्हियातल्या देशांच्या नोंदवह्यांत पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण हॅमस्ट्रिंगमध्ये पटेलर टेंडनपेक्षा किंचित जास्त दिसतं. किंचितच, पण हजारो ऑपरेशनांवर दिसतं.

लाल_माती
म्हणजे पैलवानाला वाटीखालचा नकोच की! त्याचं निम्मं आयुष्य गुडघ्यावर. खाली बसला, कब्जा घेतला, गुडघा टेकूनच. मातीत एकवेळ चालेल, मॅटवर तर गुडघा घासूनच निघतो.

सांधेजोड
वस्ताद, बरोबर. पण दुसरी बाजू बघा. कुस्तीत समोरच्याचा पाय आपल्या पायात अडकवून ओढायचा, म्हणजे गुडघा वाकवायची ताकद, ती हॅमस्ट्रिंगची. ती काढून घेतली तर तिथेही जातं. म्हणून पैलवानात बरेच जण क्वाड्रिसेप्सकडे वळतात, वाटीच्या वरचा टेंडन. जाडी भरपूर, ६ ते ७ सेंमी लांबी मिळते, गुडघा टेकताना वरची जागा टेकत नाही. त्रास एवढाच की मांडीचा पुढचा स्नायू परत उठवायला फिजिओचा घाम निघतो. आणि काढताना पातं खोल गेलं की सांध्याची वरची पिशवी उघडते. मग दुर्बिणीचं पाणी मांडीत झिरपतं, सांधा फुगत नाही, काही दिसत नाही.

चाल_सुधार_ताई
क्वाडबद्दल दुजोरा. पण हॅमस्ट्रिंगवाल्यांनाही "मागचं काढलंय, पुढचं ठीक आहे" असं समजून मोकळं सोडू नका. ग्राफ्ट कुठलाही असो, गुडघ्यात पाणी असलं की मांडीचा पुढचा स्नायू झोपतो. ऑपरेशनआधीच गुडघा पूर्ण सरळ झाला पाहिजे, दुसऱ्या पायाइतका. सूज उतरली नाही, १० अंश अडकलाय आणि तारीख जवळची मिळाली म्हणून टेबलावर गेला, तर नंतर तो गुडघा ताठ व्हायची भीती खरी असते. अपवाद एकच: गादीचा मोठा तुकडा पलटी होऊन मध्ये अडकला असेल तर थांबून उपयोग नाही.

मिसळ_कट_जास्त
पांढऱ्या रश्श्यानं ग्राफ्ट लवकर धरतो का ओ?

चाल_सुधार_ताई
रश्शाचं माहीत नाही, पण मावा आणि सिगारेटनं उशिरा धरतो हे नक्की. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, आणि इथं सगळा खेळ नव्या रक्तवाहिन्यांचा आहे. रस्सा प्या, मावा थुका.

ओटी_नंबर_दोन
ग्राफ्ट 'घेतला' म्हणतात ते टेबलावर कसं दिसतं ते लिहितो, कारण निवड बऱ्याचदा तिथंच बदलते.

नडगीच्या आतल्या बाजूला, उंचवट्यापासून दोन बोटं आत, तीनेक सेंमीची तिरकी चीर. तिरकी अशासाठी की तिथून जाणाऱ्या संवेदनेच्या नसेची फांदी वाचायची शक्यता वाढते. सार्टोरियस स्नायूचं आवरण उघडलं की खाली दोन दोऱ्या लागतात, वर ग्रॅसिलिस, खाली सेमिटेंडिनोसस. सेमीला पोटरीकडे जाणारे पट्टे असतात, ते बोटानं चाचपून सगळे कापायचे. दोरी ओढल्यावर पोटरीच्या आतल्या बाजूची कातडी खळी पडून आत जात असेल तर एखादा पट्टा अजून शिल्लक आहे. तसाच स्ट्रिपर (टेंडन सोलून काढायचं हत्यार) पुढे ढकलला तर तो त्या पट्ट्यात घुसतो, दोरी मध्येच कापली जाते आणि हातात आखूड तुकडा येतो. सगळा बेत तिथं कोलमडतो.

लांबी २८ सेंमीच्या आसपास मिळाली की काम सोपं. टेंडनवरचं मांस चमच्यासारख्या पट्टीनं खरवडून काढायचं, टोकांना न विरघळणाऱ्या दोऱ्यानं टाके, दुमडून अर्ध्या-अर्ध्या मिमीच्या भोकांच्या मापपट्टीतून ओढायचं. ज्या भोकातून घट्ट पण न फाटता जातो ते माप. ८ च्या वर आलं की सगळे मोकळा श्वास घेतात. ७ आलं, आणि पेशंट वीस वर्षांचा खेळाडू असला, की सर्जन वर बघतात. मग सेमीचे तीन पदर आणि ग्रॅसिलिसचे दोन असा पाचपदरी करायचा, किंवा घोट्याकडे जायचं. म्हणून संमतीपत्रावर "गरज पडल्यास दुसरीकडून ग्राफ्ट" लिहिलेलं असतं. ते वाचत जा.

तयार झाला की बोर्डावर १५ ते २० पाउंड ताणावर ठेवायचा आणि व्हँकोमायसिनच्या पाण्यात भिजवलेली गॉज गुंडाळायची: १०० मिलि सलाइनमध्ये ५०० मिलिग्रॅम. ही पद्धत आल्यापासून आतला संसर्ग चांगलाच कमी झालाय. ग्राफ्ट कोरडा पडू द्यायचा नाही, ओटीतला एसी जोरात असतो.

कळंबा_रोड
उंची कमी, अंगानं बारीक मुलगी कबड्डी खेळते. एमआरआयवरून आधी कळतं का की ग्राफ्ट बारीक येणार?

फिल्म_बघणारा
अंदाज येतो. आडव्या छेदात दोन्ही टेंडनांचं क्षेत्रफळ मोजता येतं, उंची-वजनावरूनही कल समजतो. पण कुणी मागितलं तर मोजतो, नाहीतर रिपोर्टवर येत नाही. सर्जनने लिहून द्यावं. तसंच नडगीच्या पठाराचा मागे जाणारा उतार. तो बाजूच्या एक्स-रेवर मोजतात, १२ अंशांच्या वर गेला की वजन टाकताना नडगी पुढे घसरायला बघते आणि नव्या ग्राफ्टवर रोजचा ताण येतो. पहिल्या ऑपरेशनला त्यासाठी सहसा हाड कापत नाहीत. दुसऱ्यांदा ग्राफ्ट तुटून आला तर उतार मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जुना_टनेलवाला
ग्राफ्टवर एवढा कीस पाडताय, पण ग्राफ्ट फेल होतात त्यात मांडीच्या हाडातला टनेल, म्हणजे ग्राफ्टचा बोगदा, चुकीच्या जागी हे कारण वारंवार सापडतं. कुठला टेंडन घेतला याच्या आधी तो कुठून कुठे बांधला ते विचारा.

पूर्वी नडगीत टनेल पाडायचा आणि त्यातूनच सरळ वर मांडीच्या हाडात ड्रिल घालायचं. सोपं, वेगवान. पण नडगीचा टनेल दिशा ठरवतो, त्यामुळे वरचं भोक खाचेच्या छताकडे, उंचावर पडायचं. ग्राफ्ट उभा राहायचा. असा ग्राफ्ट नडगीला पुढे यायला अडवतो, पण फिरण्याला अडवत नाही. तंबूची दोरी खांबाला चिकटून उभी बांधली तर वाऱ्यात तंबू गरगरतो, तसं. लॅकमन टेस्ट (नडगी पुढे ओढून बघतात ती) छान, आणि पोरगं म्हणतंय वळताना गुडघा सटकतो.

म्हणून वरचं भोक आतल्या बाजूच्या छोट्या छिद्रातून स्वतंत्र पाडायची पद्धत आली. मांडीच्या हाडाच्या टोकाला दोन गोलवे असतात, कॉन्डाइल; त्यातल्या बाहेरच्या कॉन्डाइलच्या आतल्या भिंतीवर हाडाची एक कड असते, मूळ एसीएल तिच्या मागे चिकटलेलं असतं. जुने लोक त्या कडेलाच भिंतीचा शेवट समजून पुढे भोक पाडायचे. भोक पुढे पडलं की गुडघा वाकवताना ग्राफ्ट ताणतो, मग एक तर गुडघा वाकत नाही नाहीतर ग्राफ्ट सैल पडतो.

सांधेजोड
टनेलवाले सर, जागेबद्दल सहमत. पण स्वतंत्र छिद्राची पद्धत आली म्हणून सगळं सुधारलं असं नाही. डेन्मार्कच्या नोंदवहीत सुरुवातीच्या वर्षांत उलट याच पद्धतीत पुन्हा ऑपरेशनं जास्त दिसली. एक तर हात बसायला वेळ लागला. दुसरं, बरोबर जागी बसलेल्या ग्राफ्टवर खरा ताण येतो, उभ्या ग्राफ्टवर तो येतच नाही. त्यामुळे बरोबर जागेच्या ग्राफ्टला पुनर्वसनात घाई कमी चालते.

जुना_टनेलवाला
मान्य. आणि ती पद्धत गुडघा ११०-१२० अंशांच्या पुढे वाकवल्याशिवाय करू नये. कमी वाकवला की टनेल २५ मिमीचाच भरतो, किंवा मागची भिंत फुटते. मागे १ ते २ मिमी हाड राहिलंच पाहिजे. भिंत फुटल्यावर तिथं स्क्रू लावून उपयोग नाही, बाहेरच्या हाडावर बसणाऱ्या बटनावर जावं लागतं. ड्रिल आत नेताना आतल्या कॉन्डाइलची कूर्चा खरवडली जाते तीही याच छिद्रातून. ते गादीच्या लगेच वर घेताना फार आत घेतलं तर हा धोका वाढतो.

पैलवानाची मांडी आडवी आली की गुडघा तेवढा वाकवून धरायला दोन माणसं लागतात. अशा वेळी बाहेरून आत, किंवा आतून उलट उघडणाऱ्या ड्रिलनं भोक पाडणं सोयीचं. गुडघा ९० अंशांवर ठेवून होतं.

लाल_माती
मांडीचं माप घेऊन ऑपरेशन ठरतं म्हणा की! बैठका मारून पस्तावायची वेळ.

शिंगणापूर_नाका
लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ करायचे, पाय वळला तरी माती सोडायची. आता मॅटवर बूट चिकटतो, फुटबॉलला कृत्रिम टर्फ. पाय रुतला आणि अंग फिरलं की झालं. धाग्याचा विषय नाही, पण दुखापत वाढायचं कारण तिथं शोधा.

पेठेतला_कोच
टर्फवर लांब स्टडचे बूट घालून उतरणाऱ्यांना मैदानावरच येऊ देऊ नये या मताचा मी आहे. पण तो वेगळा धागा काढू, इथं नको. बटन आणि स्क्रूचं कोण सांगतंय?

बटन_की_स्क्रू
पकड ठरते ग्राफ्टवरून. हाडाचा ठोकळा असेल तर टनेलच्या भिंतीत आणि ठोकळ्यात दाबून बसणारा स्क्रू, ७ किंवा ८ मिमीचा, यासारखी पकड नाही. तो टनेलच्या रेषेतच गेला पाहिजे. १५ अंशांहून जास्त तिरका गेला की पकड घसरते. नुसत्या टेंडनला वर बटन, खाली स्क्रू ही आपल्याकडची नेहमीची जोडी. खाली स्क्रू टनेलच्या मापाचा किंवा १ मिमी मोठा, कारण नडगीचं हाड तिथं भुसभुशीत.

फिक्स लूपच्या, म्हणजे ठरलेल्या लांबीच्या फाशाच्या, बटनाचा हिशोब चुकला की गंमत होते. समजा मांडीच्या हाडातला टनेल बाहेरच्या कडेपर्यंत ३८ मिमी भरला. १५ मिमीचा लूप घेतला तर ग्राफ्ट आत राहणार २३. पण बटन बाहेर पडून आडवं व्हायला आणखी ६ मिमी जागा लागते, म्हणून जाड ड्रिल २९-३० मिमीपर्यंत. पुढचं फक्त ४.५ मिमीचं, बटन जाण्यापुरतं. ती ६ मिमी विसरली तर बटन पलटतच नाही. लूप जास्त लांब घेतला तर टनेलात ग्राफ्ट १५ मिमीसुद्धा राहत नाही. आणि बटन हाडावर न बसता मांसावर बसलं तर महिन्याभरात मांस दबून ग्राफ्ट सैल. म्हणून शेवटी सी-आर्मखाली (ओटीतलं एक्स-रे यंत्र) एक नजर टाकतात.

ॲडजस्टेबल लूपला हा हिशोब लागत नाही, ओढून घट्ट करता येतो, खाली बांधल्यावर परतही ओढता येतो. किंमत जास्त. विरघळणारे स्क्रू एमआरआयवर स्वच्छ दिसतात, पण घट्ट हाडात फिरवताना मोडतात, काहींत नंतर टनेलभोवती पोकळी दिसते. टायटॅनियम स्वस्त आणि दमदार. बिलात फरक इथंच पडतो हो, टेंडनात नाही. टेंडन आपलाच, फुकट.

ओटी_नंबर_दोन
ऑल-इनसाइडचं राहिलं. त्यात नडगीलाही आरपार टनेल नाही, आतून आंधळं भोक आणि दोन्हीकडे बटन. एकट्या सेमीचे चार पदर पुरतात, ग्रॅसिलिस शिल्लक राहतो. फक्त ग्राफ्ट ६० ते ७० मिमीच ठेवायचा. वरचं भोक, सांध्यातला भाग, खालचं भोक यांच्या बेरजेपेक्षा ग्राफ्ट आखूड हवा. बरोबरीचा झाला की तळाला टेकतो आणि कितीही ओढा, ताणच येत नाही.

गादीवाला
दुखापतीच्या दिवशी पाय फिरला की एसीएलबरोबर गादीची मागची मुळं, आतल्या गादीची मागची कड फाटते. ती एमआरआयवर बऱ्याचदा निसटते, दुर्बीण मागच्या कप्प्यात घातल्याशिवाय दिसत नाही. ती शिवली नाही तर ग्राफ्ट कितीही भारी असू दे, ताण त्याच्यावरच. वर कुणी हे लिहिलं नाही म्हणून लिहिलं.

उत्तरेश्वर_पेठ
एका ग्रुपवर आलंय की कृत्रिम दोरी टाकली की तीन महिन्यांत मैदानावर. खरं का?

जुना_टनेलवाला
१९८० च्या दशकात गोर-टेक्स, डॅक्रॉन, कार्बन फायबर सगळं घालून झालंय. दोऱ्या झिजल्या, सांध्यात चुरा पडला, गुडघे पाण्यानं फुगले. आजच्या पॉलिएस्टरच्या दोऱ्या बऱ्या आहेत, पण पहिल्या ऑपरेशनसाठी तरुण खेळाडूत स्वतःचा टेंडन सोडून ते करायचं कारण नाही. मृत दात्याचा टेंडनही विशीच्या आतल्या खेळाडूत जास्त तुटतो, किरणोत्सर्गानं निर्जंतुक केलेला तर आणखी.

चाल_सुधार_ताई
तीन महिने वाचूनच घाम फुटला. ऑस्लो आणि डेलावेअरच्या २०१६ च्या अभ्यासात मैदानावर परतणं नवव्या महिन्यापर्यंत जितकं लांबवलं, तितकी दर महिन्याला पुन्हा दुखापतीची शक्यता साधारण निम्मी होत गेली. नऊ महिने, शिवाय दोन्ही पायांची ताकद आणि एका पायावरच्या उड्या ९० टक्क्यांपर्यंत जुळल्यावर. कॅलेंडर एकटं पुरत नाही, उड्या एकट्या पुरत नाहीत.

सांधेजोड
बाहेरच्या बाजूच्या जोडटाक्याबद्दलही लिहायला हवं, कारण हल्ली कार्डावर 'एलईटी' दिसतं आणि लोक घाबरतात. मांडीच्या बाहेरच्या पट्ट्यातून १ सेंमी रुंद, ८ सेंमी लांब पट्टी घेतात. खालचं टोक नडगीलाच राहू द्यायचं, बाहेरच्या लिगामेंटखालून नेऊन मांडीच्या हाडाला वर-मागे बांधायची. पाय आत-बाहेर न वळवता, ताण अगदी हलका. जास्त ओढली की बाहेरचा भाग आवळतो. २०२० च्या एका मोठ्या चाचणीत २५ वर्षांपर्यंतच्या ६१८ जणांना हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट दिला, निम्म्यांना ही पट्टी जोडली. दोन वर्षांत ग्राफ्ट तुटले ११ टक्के, पट्टीवाल्यांत ४ टक्के. म्हणून विशीतला खेळाडू, गुडघा उलटा मागे जाणारा, भूल दिल्यावर पिव्हट शिफ्ट (गुडघा फिरताना सटकतो का ते बघायची चाचणी) जोरात लागणारी, अशांत ती घालतात. पस्तिशीतल्या दुकानदाराला नाही.

जुना_टनेलवाला
इथं माझा विरोध नोंदवा. ती चाचणी हॅमस्ट्रिंगवरची आहे, ती दाखवून पटेलर टेंडनवाल्या प्रत्येकालाही पट्टी लावायला लागलेत. बाहेर आणखी एक चीर, आणखी दुखणं.

सांधेजोड
नोंदवला. 'प्रत्येकाला' मीही म्हणत नाही.

कळंबा_रोड
आणि तेरा-चौदा वर्षांचं पोर असेल तर? शाळेच्या टीममध्ये हल्ली हेही होतंय.

सांधेजोड
वाढीच्या रेषा उघड्या असतील तर हाडाचा ठोकळा किंवा स्क्रू रेषेवर बसता कामा नये, नाहीतर पाय आखूड किंवा वाकडा होतो. मऊ टेंडन, बारीक आणि शक्य तितका मध्यातून जाणारा उभा टनेल, पकड रेषेपासून लांब. अगदी लहान असेल तर टनेल रेषेला न छेदता. उंची अजून किती वाढायची हे हाताच्या एक्स-रेवरून बघूनच बेत ठरतो.

उत्तरेश्वर_पेठ
ऑपरेशनच टाळता येत नाही का मग?

चाल_सुधार_ताई
येतं, काहींचं. स्वीडनमध्ये १२१ जणांवर झालेल्या चाचणीत (२०१०) ५९ जणांना आधी फक्त व्यायामावर ठेवलं. दोन वर्षांत त्यातल्या २३ जणांना ऑपरेशन लागलं, बाकीच्यांना नाही. पण त्यात व्यावसायिक खेळाडू घेतलेच नव्हते. सायकल, पोहणं, सरळ चालणं, शेतीकाम असेल तर आधी व्यायाम करून बघणं शहाणपणाचं. पायऱ्या उतरताना, वळताना गुडघा वारंवार सटकत असेल तर थांबू नका, दर सटक्याला गादी फाटते.

पेठेतला_कोच
आता मूळ प्रश्न. कार्डांवरची बाकी माहिती लिहितो, नावं नाहीत. पहिला ३१ वर्षांचा, हौशी गोली, फरशी बसवायचं काम करतो. दुसरा १९, विंगर, जिल्ह्याच्या टीममध्ये. तिसरा २३, मधल्या फळीत, कार्डावर 'एमसीएल ग्रेड ३' पण आहे. सांगा आता.

सांधेजोड
पहिला: दिवसभर गुडघ्यावर बसून काम, म्हणून वाटीखालचा नाही, हॅमस्ट्रिंग. दुसरा: कोवळं वय, वेगात दिशा बदलणं, पुन्हा तुटायचा धोका सगळ्यात जास्त, म्हणून हाडाला हाड धरणारा पटेलर टेंडन. त्याच्या कार्डावर पट्टी नसेल तर पिव्हट शिफ्ट फार नसावी. तिसरा: आतलं लिगामेंट गेलंय. हॅमस्ट्रिंग तीच आतली बाजू सांभाळते, ती काढली तर उरलासुरला आधारही जातो. म्हणून घोट्यामागून पेरोनियस लाँगस. जाडी बहुतेकांत ८ च्या पुढे भरते. खालचं टोक शेजारच्या ब्रेव्हिस टेंडनला शिवायचं आणि स्ट्रिपर फिब्युलाच्या (नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या) डोक्याखाली ४-५ सेंमीवर थांबवायचा, वर नस आहे. घोटा बाहेर वळवायची आणि अंगठ्याकडून रेटा द्यायची ताकद थोडी कमी होऊ शकते, मधल्या फळीवाल्यानं ती मुद्दाम कमवावी.

जुना_टनेलवाला
तिसऱ्याला मी दुसऱ्या पायाची हॅमस्ट्रिंग घेतली असती. खेळणाऱ्या पोराच्या घोट्याला हात लावायचा नाही, हे माझं मत.

सांधेजोड
आणि चांगल्या पायालाही लंगडा करायचा? इथं दोन सर्जन दोन बाजूला बसणार, सर.

ओटी_नंबर_दोन
म्हणून म्हटलं होतं, दोन्हीवर.

लाल_माती
बैठका कधीपासून ते सांगा कुणीतरी.

चाल_सुधार_ताई
नुसतं एसीएल असेल तर भिंतीला टेकून अर्धी बैठक महिना-दीड महिन्यात सुरू होते, पूर्ण खोल बैठक चार महिन्यांच्या आत नको. गादी शिवली असेल तर पहिले सहा आठवडे वजन टाकून ९० अंशांच्या पुढे वाकवायचंच नाही. गादीचं मूळ बसवलं असेल तर सहा आठवडे पाय टेकवणंही बंद. घरात उकिडवं बसायचा संडास असेल तर ऑपरेशनच्या आधीच कमोडची खुर्ची आणून ठेवा. जेवणाच्या पंगतीला पाट नको, खुर्ची. मॅटवर लढत नऊ महिन्यांआधी नाही, वस्ताद.

लाल_माती
नऊ म्हणजे नऊच. पोरं ऐकणार नाहीत, पण आखाड्याची किल्ली आमच्याकडं आहे.

ओटी_नंबर_दोन
जाता जाता: ऑपरेशन नोटची झेरॉक्स आणि इम्प्लांटच्या डब्यांवरचे स्टिकर फाइलमध्ये लावून घ्या. ग्राफ्ट किती मिमीचा, टनेल किती मिमीचे, लूप किती, स्क्रू कुठल्या धातूचा आणि मापाचा. दुसऱ्यांदा तुटला तर जुना स्क्रू काढायला त्याच कंपनीच्या मापाचा पेचकस लागतो, आणि तो कुठला हे स्टिकर नसेल तर टेबलावर शोधावं लागतं.